नवा टीव्ही, जुनं होम थिएटर आणि ऐकू न येणारे संवाद

बोलणं ऐकू येईना म्हणून आवाज वाढवायचा आणि तेवढ्यात गाणं किंवा मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा. जुन्या होम थिएटरला नवा टीव्ही जोडलेल्या कितीतरी घरांत हे रोज चालतं. आमच्या रत्नागिरीच्या घरी ते दोन वर्षं चाललं. संच २००८ सालचा, डीव्हीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात, मुठीएवढे पाच स्पीकर आणि एक वूफर. टीव्ही मात्र नवा, ४३ इंची, गणपतीच्या आधी घेतलेला. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. दर दोन-तीन वाक्यांनंतर ते विचारायचे, "काय म्हणाला रे तो?" मग विचारणं कमी झालं. मग जेवण झालं की ते आतल्या खोलीत जाऊन रेडिओ लावायला लागले. ती रिकामी खुर्ची बघवेना, म्हणून मी हा प्रश्न हातात घेतला.

दुकानात सल्ला एकच मिळाला: जुनं भंगारात घाला, साउंडबार घ्या. हा सल्ला दर वेळी चुकीचा असतो असं नाही. पण आमच्याकडचा बिघाड स्पीकरमध्ये नव्हताच. टीव्ही आणि संच यांना जोडणाऱ्या वायरीत आणि दोन-तीन सेटिंगमध्ये होता. पुढे हौसेने आणखी काही वस्तू बदलल्या, त्या सगळ्या मिळून दहा हजारांच्या आसपास खर्च झाला, तोही वर्षभरात थोडा थोडा. पण बाबांची मूळ तक्रार निम्म्याहून जास्त दूर झाली ती पहिल्याच दिवशी, एक रुपयाही न घालता. म्हणून बिनखर्चाच्या गोष्टी आधी सांगतो.

बिघाड नेमका कुठे, ते आधी ठरवा

टीव्ही जरा बाजूला राहू द्या. जुन्या संचातच एखादी डीव्हीडी लावा. डीव्हीडी वाचत नसेल तर एफएम लावा आणि बातम्या ऐका. माणसाचा आवाज स्वच्छ येतो का? येत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक आहेत. रिमोटवर 'टेस्ट टोन' असं बटण असेल तर ते दाबा. सूं असा आवाज एकेका स्पीकरमधून क्रमाने फिरतो. सगळ्या स्पीकरजवळ कान नेऊन ऐका. आमच्याकडे पाचही बोलले, म्हणजे संच धडधाकट होता.

टेस्ट टोन एखाद्या स्पीकरवर आलाच नाही तर तो स्पीकर आणि शेजारचा चालू स्पीकर यांच्या पिना आपसांत बदलून बघा. मुकेपणा स्पीकरबरोबर गेला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. मुकेपणा जागेवरच राहिला तर दोष डब्यातला. कोकणात वायर उंदरांनी कुरतडणं हे कारण फार साधं आणि फार वेळा खरं असतं, त्यामुळे कपाटामागची वायर हाताने पूर्ण चाचपून बघा.

डबा सुरू होतो आणि 'प्रोटेक्ट' दाखवून लगेच बंद पडतो, अशीही तक्रार खूप जणांची असते. सगळ्या स्पीकरच्या वायरी काढा आणि सुरू करा. आता चालू राहिला तर कुठल्यातरी वायरीची एखादी तार शेजारच्या तारेला चिकटलेली आहे. एकेक वायर परत लावत गेलं की ती सापडते. वायरी काढूनही बंद पडत असेल तर मात्र कारागिराकडे न्यावं लागेल.

मधला स्पीकर गप्प का?

चित्रपटाच्या ५.१ आवाजात, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्यासाठीच्या सहा वेगळ्या चॅनेलमध्ये, जवळजवळ सगळे संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या पिनांचं आउटपुट बहुधा नसतं. मग आपण हेडफोनच्या जागेतून एक वायर काढतो आणि संचाच्या मागच्या लाल-पांढऱ्या जागेत घालतो. या वायरीतून दोनच चॅनेल जातात, डावा आणि उजवा. टीव्ही सेंटरचे संवाद त्या दोघांत सारखे वाटून टाकतो. संच बघतो की दोनच चॅनेल आलेत, म्हणून पुढचे दोन स्पीकर वाजवतो आणि सेंटरला गप्प ठेवतो. संवाद मग पावसाच्या, गाड्यांच्या, वाद्यांच्या आवाजात बुडून जातात. आमच्याकडे नेमकं हेच होत होतं. सेंटर स्पीकर टीव्हीखाली दिमाखात ठेवलेला होता, पण टीव्ही आल्यापासून त्यातून एक शब्द बाहेर पडला नव्हता.

यावर फुकटचा उपाय जुन्या संचातच असतो. डॉल्बीने १९८७ साली प्रो लॉजिक नावाची पद्धत आणली आणि २००० साली तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती. तिचं तत्त्व असं: डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये जे अगदी सारखं आहे ते मध्यभागी पाठवायचं आणि जे एकमेकांच्या उलट आहे ते मागच्या स्पीकरला द्यायचं. संवाद दोन्हीकडे सारखेच असतात, त्यामुळे ते आपोआप सेंटरकडे जातात. २००० नंतरच्या बऱ्याच संचांत ही सोय आहे. रिमोटवर 'साउंड फील्ड', 'सराउंड' किंवा 'मोड' असं बटण शोधा आणि पडद्यावर 'प्रो लॉजिक' किंवा 'पीएल टू' येईपर्यंत दाबत राहा. मी ते दाबलं आणि बातम्या देणारी बाई एकदम टीव्हीच्या खालून बोलायला लागली. आई स्वयंपाकघरातून बघायला आली, काय झालं म्हणून.

एक काळजी घ्या. टीव्हीच्या मेनूमधले 'व्हर्च्युअल सराउंड'सारखे इफेक्ट बंद करा. ते डाव्या-उजव्या आवाजाची फेज बदलतात, म्हणजे लहरी एकमेकींच्या पुढे-मागे सरकवतात, आणि मग प्रो लॉजिकचा गोंधळ होऊन माणसं पाठीमागून बोलायला लागतात. हेडफोनच्या वायरीवर असाल तर टीव्हीचा आवाज तीन-चतुर्थांशाच्या वर ठेवा आणि कमी-जास्त संचावरून करा. टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवून संच मोठा केला तर खरखर वाढते.

रात्रीच्या वेळी संचावर 'नाइट मोड' लावा. तो मोठा आवाज थोडा दाबतो आणि लहान आवाज थोडा वर आणतो. संगीताची मजा थोडी कमी होते हे खरं, पण घरात कोणी झोपलेलं असताना आणि कोणाला कमी ऐकू येत असताना ही तडजोड मला अगदी योग्य वाटते.

घूं असा आवाज

प्रो लॉजिकमुळे संवाद आले, पण त्यांच्यामागे सतत एक घूं ऐकू यायला लागलं. आधीही ते होतंच, आता सेंटरमधूनही यायला लागलं एवढंच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही भुणभुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते. ती येते बहुतेक वेळा दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी जमिनीला जोडली गेल्यामुळे. एक रस्ता प्लगच्या अर्थिंगचा आणि दुसरा छतावरच्या डिशच्या किंवा केबलवाल्याच्या जाड काळ्या वायरीचा. ओळखायची खूण सोपी आहे: सेट-टॉप बॉक्समधून ती जाड वायर फिरवून काढा. घूं तिथल्या तिथे थांबलं तर कारण सापडलं.

उपाय म्हणून टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि संच तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्याने जात नसेल तर लाल-पांढऱ्या वायरीत बसवायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. काही जण तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापतात, म्हणजे अर्थिंगच काढून टाकतात. भुणभुण जाते, पण यंत्रात गळती झाली तर ती तुमच्या हातातून जाईल. विशेषतः पावसाळ्यात दमट भिंती असलेल्या घरात हे कधीही करू नका.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घूं येतं, एरवी येत नाही, असं असेल तर दोष वेगळा आहे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या विजेवर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो. त्यावर वायर बदलून काही होणार नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घेणं किंवा लाइट नसताना संच बंद ठेवणं, एवढेच मार्ग आहेत.

लाल-पांढऱ्या वायरीऐवजी ऑप्टिकल

भुणभुणीवर आमच्याकडे कायमचा उपाय ठरली ती ऑप्टिकल केबल. टीव्हीमागे एक लहान चौकोनी भोक असतं, त्यावर झाकण असतं आणि आतून लाल प्रकाश दिसतो. या केबलमधून वीज जात नाही, प्रकाश जातो. दोन यंत्रांचा विजेचा संबंधच तुटतो, त्यामुळे घूं यायला रस्ता उरत नाही. केबल फक्त तीव्र कोनात वाकवू नका आणि भिंतीशी चिमटू देऊ नका.

तुमच्या संचाला ऑप्टिकल इनपुट असेल तर सरळ जोडा. आमच्या संचाला नव्हतं. मग मध्ये एक काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा लागतो, त्याला डॅक म्हणतात. एका बाजूने ऑप्टिकल आत, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या पिना बाहेर. मला डॅक सातशेला आणि केबल अडीचशेला मिळाली.

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. डॅक लावला आणि आवाजच नाही, किंवा फाटल्यासारखा कर्कश आवाज येतो. डॅक खराब नसतो. टीव्हीच्या मेनूमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी डिजिटल' वर असतं आणि साध्या डॅकला तो दाबून भरलेला आवाज उलगडता येत नाही. तिथे 'पीसीएम', म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, निवडा, आवाज लगेच येतो. उलट, तुमचा संच स्वतः डॉल्बी डिजिटल उलगडणारा असेल तर 'पीसीएम' ठेवू नका, कारण ऑप्टिकलमधून पीसीएमचे दोनच चॅनेल जातात. तिथे 'बिटस्ट्रीम' हवं, तरच ५.१ मिळेल. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की ही सेटिंग कधी कधी मूळ जागी जाते. 'कालपर्यंत चालत होतं, आज सेंटर बंद' अशी तक्रार असेल तर आधी हीच ओळ बघा.

दोन गोष्टी ऑप्टिकलकडून मिळणार नाहीत. एक म्हणजे डॉल्बी अ‍ॅटमॉस, डोक्यावरूनही आवाज आल्याचा भास देणारी डॉल्बीची पुढची पद्धत. ती केबल दोन चॅनेल पीसीएम किंवा साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस (तशीच दुसऱ्या कंपनीची पद्धत) एवढंच नेते. दुसरी, टीव्हीच्या रिमोटने संचाचा आवाज कमी-जास्त होणं बहुतेक वेळा बंद होतं. आईला दोन रिमोट नको होते, म्हणून शिकवता येणारा एक साधा रिमोट घेतला. त्यावर मोठी बटणं आहेत, ती बाबांनाही सोयीची पडतात.

पेनड्राइव्हवरचा चित्रपट दिसतो पण आवाज येत नाही, हा प्रकार याच्याशी गल्लत करू नका. त्या फाइलचा आवाज डीटीएसमध्ये असतो आणि बऱ्याच नव्या टीव्हींनी डीटीएस काढून टाकलं आहे. फाइलमध्ये दुसरा ऑडिओ ट्रॅक असेल तर तो निवडायचा.

लाइट गेली की आवाज जातो

हे माझ्या पुण्यातल्या घरचं दुखणं. तिथे साउंडबार आहे, एचडीएमआयच्या एआरसी जोडणीवर. एआरसी ही सोय एचडीएमआय १.४ मध्ये, २००९ साली आली. तिने टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट्या दिशेने बाहेर जातो. म्हणजे २००९ च्या आधीच्या संचाला एचडीएमआय असली तरी एआरसी मिळणार नाही, हे जुनी वस्तू घेताना लक्षात ठेवा.

लाइट जाऊन आली की टीव्ही आणि साउंडबार एकदम सुरू होतात, एकमेकांना ओळख दाखवतात आणि एखाद्याला उशीर झाला की टीव्ही समजतो, बाहेर कोणी नाही. तो आपल्याच स्पीकरमधून बोलायला लागतो. दोन्हींचे प्लग भिंतीवरून काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, आधी साउंडबार आणि मग टीव्ही सुरू करा. केबल 'एआरसी' लिहिलेल्याच जागेत आहे ना, तेही बघा, कारण बाकीच्या जागांतून आवाज बाहेर येत नाही. टीव्हीच्या मेनूमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू असावी लागते. कंपन्या तिला वेगवेगळी नावं देतात: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक.

हे दर आठवड्याला करायची वेळ येत असेल आणि अ‍ॅटमॉस नको असेल, तर ऑप्टिकल लावा. तिला अशी ओळखपरेड नसते. टीव्ही प्रकाश टाकत राहतो, पलीकडचा कधीही जागा झाला तरी त्याला आवाज मिळतो. वारंवार लाइट जाणाऱ्या गावात मी डोळे मिटून ऑप्टिकल सुचवतो.

पैसे घालायचे तर आधी कुठे

इथपर्यंत साडेनऊशे रुपये झाले होते आणि बाबा परत खुर्चीत बसायला लागले होते. इथे थांबलं तरी चाललं असतं. पण ते मुठीएवढे स्पीकर माणसाच्या आवाजाला जाडी देत नाहीत. त्यात तीन इंचाचाही कोन नसतो, पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग वूफरकडे जातो आणि वूफर कोपऱ्यात असला की संवाद दोन ठिकाणाहून येतात. डब्यावरच्या '१००० वॅट पीएमपीओ'ला काहीच अर्थ नाही. आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा बघा, तोच खरा.

या टप्प्यावर माझं ठाम मत असं आहे: पाच-सात हजारांचा नवा, दोन इंची स्पीकरचा साउंडबार घेण्यापेक्षा तेवढ्यात जुना, चांगल्या कंपनीचा एव्ही रिसिव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सुट्या पाच स्पीकरना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, घ्यावा. एकटाच माणूस समोर बसणार असेल तर जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन चांगले बुकशेल्फ (फळीवर मावणारे मध्यम आकाराचे) स्पीकरही पुरतात, बरोबर मध्ये बसलं की संवाद मधूनच येतात. पण घरातली चार माणसं इकडे-तिकडे पसरून बसतात. कडेला बसलेल्याला संवाद जवळच्या स्पीकरमधून ऐकू येतात. म्हणून कुटुंबासाठी सेंटर हवाच.

जुन्या रिसिव्हरचा एक विशेष आहे. त्यात सगळ्यात आधी मरतो तो एचडीएमआयचा बोर्ड. तो मेला की मालक कमी किमतीत विकून टाकतो, पण त्याचे पाचही अ‍ॅम्प्लिफायर आणि ऑप्टिकल इनपुट उत्तम चालू असतात. आपल्याला टीव्हीमधून ऑप्टिकलनेच आवाज घ्यायचा आहे, मग एचडीएमआय हवी कशाला? मी पुण्यात असाच एक रिसिव्हर सहा हजारांना घेतला. ४के बॉक्स जुन्या रिसिव्हरमधून टीव्हीला नेल्यावर येणारा काळा पडदा, म्हणजे एचडीसीपी २.२ या नक्कल रोखणाऱ्या कुलपाची कटकट, तीही यात टळते, कारण बॉक्स थेट टीव्हीलाच लागतो. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत ग्रँट रोडजवळची लॅमिंग्टन रोड, या दोन ठिकाणी केबल, पिना, डॅक आणि दुरुस्ती करणारे कारागीर सगळं जवळजवळ मिळतं.

घेताना विक्रेत्यासमोर पाचही चॅनेल वाजवून बघा. आवाज अगदी कमी करा आणि ऐका. कमी आवाजात एखादी बाजू गायब असेल आणि वाढवल्यावर टप्पकन येत असेल तर आतल्या रिलेच्या (स्पीकर जोडणाऱ्या आपोआप स्विचच्या) संपर्कांवर गंज चढला आहे. दुरुस्त होतं, पण त्याचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. अर्धा तास चालू ठेवून वरून हात लावून बघा, गरम व्हावा पण हात ठेवता आला पाहिजे. आणि मागची पट्टी वाचा. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेले रिसिव्हर बाजारात पुष्कळ येतात. त्यांच्यावर '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' लिहिलेलं असतं. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावला की संपला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, तोही पुरेशा क्षमतेचा, घ्यावाच लागतो. त्याची किंमत आणि वजन दोन्ही हिशेबात धरा.

जुने स्पीकर नव्या रिसिव्हरला लावताना

इथे यंत्र जळू शकतं, म्हणून सावकाश. डब्यातल्या संचांचे छोटे स्पीकर बहुधा ३ किंवा ४ ओहमचे असतात. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, आकडा जितका कमी तितका अ‍ॅम्प्लिफायरवर भार जास्त. रिसिव्हरला ६ ओहम किंवा जास्त हवे असतात. स्पीकरच्या पाठीवर आकडा असतो. पुसला गेला असेल तर मल्टिमीटरने मोजा. मोजलेला आकडा छापलेल्यापेक्षा थोडा कमी येतो: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६-७ दाखवतो, ३ ओहमचा अडीचच्या आसपास. ३ ओहमचा स्पीकर थेट लावला तर रिसिव्हर तापतो आणि प्रोटेक्टमध्ये जातो, किंवा त्याहून वाईट होतं.

आमचे पाचही ३ ओहमचे होते. त्यातले चार असे वापरले: दोन स्पीकर एकापुढे एक, म्हणजे सीरीजमध्ये जोडले की ३ आणि ३ मिळून ६ ओहम. डाव्या मागच्या बाजूला एक जोडी, उजव्या मागच्या बाजूला एक जोडी, एकाच ब्रॅकेटवर एकावर एक. मागे पाऊस, गर्दी, टाळ्या असलेच आवाज येतात, त्याला ते भरपूर आहेत.

पुढच्यासाठी आत्याच्या माळ्यावरचे जुने ८ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर मिळाले. जाळी काढली तर कोनाभोवतीची फोमची कड बोट लावताच चुरा होऊन पडली. दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत असाच संपतो. रबराची कड खूप जास्त टिकते. पण कोन आणि कॉइल शाबूत असतील तर स्पीकर मेलेला नाही. कारागिराने दोन्हींना नवी कड बसवून नऊशे रुपये घेतले. कोन दोन्ही बाजूंनी हळूच आत दाबून बघा. घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल खराब आहे, त्यावर पैसे घालू नका. सेंटरसाठी एक सुटा बुकशेल्फ स्पीकर अठराशेला घेतला, ज्याची जोडी कुणाकडे तरी मोडली होती.

वायर तांब्याची घ्या, एक ते दीड चौरस मिलिमीटरची. टोक खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. आणि लाल-काळं उलटं करू नका. एक स्पीकर उलटा लागला तर खर्ज पातळ होतो आणि संवाद नेमके कुठून येतात ते कळत नाही. रंग पुसले असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर स्पीकरला लावा. कोन बाहेर आला तर सेलचं अधिक टोक लागलं ती लाल बाजू. ही चाचणी फक्त मोठ्या कोनावर करा, छोट्या ट्वीटरवर नको.

वूफरबाबत मात्र बरेच जण फसतात. डब्यातल्या संचाचा वूफर बहुतेक वेळा पॅसिव्ह असतो, त्याला वीज मूळ डबा देतो. रिसिव्हरमधून वूफरसाठी येते ती फक्त सिग्नलची पिन, तिच्यात ताकद नसते. ती जोडली तर काहीच ऐकू येणार नाही. वूफरसाठी वेगळा छोटा मोनो अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड लागतो, तोही त्याच्या ओहमला चालणारा. हे काम मी अजून केलेलं नाही. सध्या रिसिव्हरच्या मेनूमध्ये पुढच्या स्पीकरना 'लार्ज' केलं आहे, त्यामुळे तेच खर्ज वाजवतात आणि मालिका, जुने मराठी चित्रपट, कीर्तन यांना काही कमी पडत नाही.

बाबांची खुर्ची

आमचा हॉल १० बाय १४ फुटांचा. खाली फरशी, एका बाजूला काचेच्या खिडक्या. अशा खोलीत टाळी वाजवली की ती परत येते आणि संवादही तसेच घुमून एकमेकांत मिसळतात. खिडकीला जाड पडदा आणि टीव्हीसमोर सतरंजी, एवढ्याने फरक कळतो. वूफर असेल तर तो कोपऱ्यात ठेवू नका. १४ फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, आणि कोपऱ्यात तो सगळ्यात जास्त. वूफर बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने जमिनीलगत कान नेत फिरा. जिथे खर्ज सारखा आणि गच्च वाटेल तिथे वूफरची जागा.

सेंटर टीव्हीखाली ठेवला, पण तो मागे सरकवून कपाटाच्या पोटात नाही. कपाटाच्या कडेला आणला आणि पुढची बाजू थोडी वर केली, म्हणजे त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे झालं. पुढचे दोन मध्यापासून तीस-तीस अंशांवर. मागचे दोन बाजूच्या भिंतीवर, खुर्चीच्या किंचित मागे.

रिसिव्हरमध्ये अंतरं टाकावी लागतात. आवाजाला एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, रिसिव्हर त्या हिशेबाने जवळच्या स्पीकरला थांबवतो. मी टेप घेऊन सगळी अंतरं बाबांच्या खुर्चीपासून मोजली, हॉलच्या मधून नाही. त्यांचा उजवा कान चांगला, म्हणून खुर्ची थोडी डावीकडे घेतली, सेंटर त्यांच्या उजव्या हाताला आला. मग सेंटरची पातळी बाकीच्यांपेक्षा ३ डेसिबलने वाढवली. बाकी लोकांना तो किंचित जास्त वाटतो, पण कोणी तक्रार करत नाही. ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात असं वाटलं तर टीव्हीचा 'ऑडिओ डिले' शून्य करा. शब्द आधी आणि ओठ नंतर असं असेल तर तो थोडा थोडा वाढवा.

अ‍ॅपवरचं सगळंच ५.१ मध्ये नसतं. रिसिव्हरच्या पडद्यावर 'डॉल्बी डिजिटल' आलं तर सेंटरला संवाद बहुधा थेट मिळताहेत. 'पीसीएम' आलं तर दोनच चॅनेल आलेत, तेव्हा पुन्हा प्रो लॉजिक लावायचं. हे रोज बदलावं लागू नये म्हणून दोन चॅनेलच्या आवाजासाठी प्रो लॉजिक कायमचं ठरवून ठेवता येतं.

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, मी घरी गेलो की एवढं करतो: सगळ्या पिना काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो, वायरींची हिरवी पडलेली टोकं कापून नवी तार सोलतो, रिसिव्हरच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढतो. डिशची वायर वीज कडाडायला लागली की सुटी करून खिडकीबाहेर ठेवायची, हे आईने स्वतःहून अंगवळणी पाडलं आहे. मागच्या वेळी मी पोचायच्या आत बाबांनीच स्पीकरच्या पिना पुसून ठेवल्या होत्या. फक्त लाल-काळं एका ठिकाणी उलटं लागलं होतं, ते सेल लावून पाच मिनिटांत सापडलं.